हस्तलिखितांची सूचि व आज्ञा-ओळीचें साधन

१. हस्तलिखितें जमविणारास नाना प्रकारचे प्रश्न विचारण्यांत येतात. पोथी केव्हांची, कोणाची, कोठून मिळाली, पूर्ण कीं त्रुटित, हे प्रश्न नेहमींचेच आहेत. परंतु ज्या प्रश्नाच्या उत्तरावर एखाद्या ग्रंथाचें जगणें अवलंबून असतें तो प्रश्न निराळा आहे. तो असा कीं, ह्या ग्रंथाची दुसरी प्रत अन्यत्र कोठें आहे काय? दुसरी प्रत असेल तर हातांतील पोथीस कसर लागली तरी ग्रंथ राहतो. नसेल तर पोथीबरोबर ग्रंथहि जातो. ह्या प्रश्नाचें उत्तर एका संग्रहाच्या यादीवरून कधींच मिळत नाहीं. अनेक याद्या एकत्र करून, त्यांतील एकाच ग्रंथाच्या निरनिराळ्या नोंदी ओळखून, मग तें काढावें लागतें. असें एकीकरण संगणकावरील आज्ञा-ओळीच्या साधनानें घरच्या घरीं कसें करतां येतें, व तें करतांना कोणती सावधगिरी ठेवावी लागते, हें प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे.

२. एकीकरणाची कल्पना नवी नाहीं. थिओडोर आउफ्रेख्ट ह्या जर्मन पंडितानें तोंपर्यंत प्रसिद्ध झालेल्या संस्कृत हस्तलिखितांच्या याद्या एकत्र करून 'कॅटलोगस कॅटलोगोरम' हा सूचींचा सूचिग्रंथ १८९१, १८९६ व १९०३ ह्या सालीं तीन भागांत छापिला. त्याच धर्तीवर नवीन सूचीचें काम मद्रास विश्वविद्यालयानें १९३५ सालीं हातीं घेतलें व तिचा पहिला खंड १९४९ सालीं बाहेर पडला. छापील मराठी पुस्तकांपुरतें पाहतां शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूचि' १९४४ सालीं निघाली. तींत १८०० पासून १९३७ पर्यंतचीं पुस्तकें आलीं आहेत. ह्या सूचिकारांचे श्रम आठवले म्हणजे मन थक्क होतें. तथापि छापील सूचीला दोन मर्यादा जन्मतःच असतात. ज्या दिवशीं ती छापली जाते त्या दिवशीं ती थांबते, ही एक. व ती कोणत्या तरी एकाच क्रमानें लावलेली असते, ही दुसरी. ग्रंथनामाच्या क्रमानें लावलेल्या सूचींतून एकाच लिपिकाराच्या हातच्या सर्व पोथ्या काढावयाच्या तर सर्व सूचि पहिल्यापासून अखेरपर्यंत वाचल्यावांचून गत्यंतर नसतें. चिठ्ठ्यांच्या कपाटानें पहिली मर्यादा जाते, परंतु दुसरी तशीच राहते. संगणकाच्या साधनानें दोन्ही मर्यादा जातात. मात्र त्याचबरोबर कांहीं नवीं संकटें येतात, तीं पुढें सांगितलीं आहेत.

३. आज्ञा-ओळ म्हणजे काय हें प्रथम सांगितलें पाहिजे. संगणकाच्या पडद्यावर चित्रें व बटणें न मांडतां एक कोरी ओळ दिलेली असते. तींत आज्ञा टंकावयाची व एंटरची कळ दाबावयाची. उत्तर त्याखालीं अक्षरांत उमटतें. ही पद्धति प्रथमदर्शनीं रुक्ष वाटते. परंतु संशोधकाच्या दृष्टीनें तींत एक मोठा गुण आहे. तो हा कीं, विचारलेला प्रश्न लेखी राहतो. बटणें दाबून काढलेल्या उत्तराचा मार्ग मागें उरत नाहीं. आज्ञा लिहून काढलेलें उत्तर दुसऱ्या कोणाहि अभ्यासकास तीच आज्ञा देऊन पडताळून पाहतां येतें. आधाराचा कागद पुढें ठेविल्यावांचून विधान करूं नये, हा इतिहाससंशोधनाचा दंडक आहे. सूचीवरून काढलेल्या अनुमानाखालीं त्याची आज्ञा छापणें हा त्या दंडकाचाच एक प्रकार समजावा.

४. ह्या कामासाठीं अनेक साधनें उपलब्ध आहेत. त्यांपैकीं एसक्यूलाइट हें येथें घेतलें आहे. अमेरिकेंतील डी. रिचर्ड हिप यांनीं तें २००० सालीं प्रथम प्रसिद्ध केलें व त्यावरील स्वामित्वहक्क सोडून दिला. यामुळें तें वापरावयास मोल पडत नाहीं व कोणाची परवानगीहि लागत नाहीं. सर्व नोंदी एकाच फाईलींत राहतात. ती फाईल पुस्तकाप्रमाणें एका संगणकावरून दुसऱ्यावर नेतां येते. फाईलीची जी घडण २००४ सालीं तिसऱ्या आवृत्तींत ठरली तीच अद्याप चालत आली आहे, व अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनें माहितीच्या जतनासाठीं शिफारस केलेल्या घडणींत तिचा समावेश केला आहे. आम्हां मराठी वाचकांच्या दृष्टीनें आणखी एक सोय अशी कीं, कोष्टकांचीं व रकान्यांचीं नांवें नागरी लिपींत ठेवतां येतात. आज्ञेंतील ठराविक शब्द तेवढे इंग्रजी असतात. पुढें दिलेल्या आज्ञांत ते शब्द उच्चाराप्रमाणें नागरींत छापले आहेत व आंकडेहि नागरी आहेत. संगणकावर दोन्ही रोमन चिन्हांनीं टंकावे. ज्यांस पडद्यावर नागरी अक्षरें नीट उमटत नाहींत त्यांनीं आज्ञा साध्या मजकुराच्या फाईलींत लिहून ती 'रीड' ह्या आज्ञेनें वाचावयास द्यावी, व उत्तर 'आउटपुट' ह्या आज्ञेनें दुसऱ्या फाईलींत उतरवून घ्यावें.

५. आतां मुख्य विषयाकडे वळूं. सूचीचें सारें यश पहिल्या दिवशीं कोष्टकें कशीं आंखलीं यावर अवलंबून आहे. पुष्कळ संग्राहक एकच लांबरुंद कोष्टक करितात व त्यांत ग्रंथ, कर्ता, सन, पानें, संग्रह असे रकाने पाडतात. हा आरंभ सोपा असला तरी घातक आहे. उदाहरणार्थ ज्ञानेश्वरी घ्या. ग्रंथाची रचना शके १२१२ ची. एकनाथांनीं केलेलें पाठशोधन शके १५०६ चें. आणि प्रत्येक पोथीचें लेखन आपापल्या शकांतलें. मग 'सन' ह्या एका रकान्यांत यांपैकीं काय लिहावयाचें? एका नोंदींत रचनेचा शक व दुसरींत लेखनाचा शक पडला कीं तो रकाना निकामी झाला. म्हणून ग्रंथ व पोथी ह्या दोन वस्तू आरंभींच वेगळ्या कराव्या. 'कृति' ह्या कोष्टकांत ग्रंथकाराच्या मनांतून उतरलेली रचना. 'प्रती' ह्या कोष्टकांत हातांत धरतां येणारी पोथी, बाड किंवा रुमालांतील कागद. दोहोंस जोडणारें तिसरें कोष्टक 'अंतर्भाव'. बाडांत निरनिराळ्या कवींचीं प्रकरणें, पदें, आरत्या व कधीं औषधांच्या याद्याहि एका पाठीस एक लिहिलेल्या असतात. तेव्हां एका प्रतींत अनेक कृती व एका कृतीच्या अनेक प्रती हें दोन्ही तिसऱ्या कोष्टकावांचून मांडतां येत नाहीं. अंतर्भावाच्या प्रत्येक ओळींत प्रतीचा अंक, कृतीचा अंक, कोणत्या पानापासून कोणत्या पानापर्यंत, पोथींत लिहिलेलें शीर्षक, व आरंभीचें आणि अखेरचें वाक्य इतकें असावें. प्रतींच्या कोष्टकाची आज्ञा येणेंप्रमाणें:

क्रिएट टेबल प्रती (प्रत_अंक इंटिजर प्रायमरी की, संग्रह टेक्स्ट नॉट नल, क्रमांक टेक्स्ट नॉट नल, लिपि टेक्स्ट, पत्रें इंटिजर, मूळ_काल टेक्स्ट, शके इंटिजर, संवत्सर_अंक इंटिजर, इसवी_पासून इंटिजर, इसवी_पर्यंत इंटिजर, युनीक (संग्रह, क्रमांक), चेक (इसवी_पासून <= इसवी_पर्यंत)) स्ट्रिक्ट;

अंतर्भावांतील अंक हे 'प्रती' व 'कृति' ह्यांतील अंकांकडे बोट दाखवितात. नसलेल्या प्रतीकडे बोट दाखविणारी नोंद साधनानें नाकारावी अशी योजना करतां येते. परंतु ती पडताळणी एसक्यूलाइटमध्यें आपण होऊन चालू नसते. प्रत्येक बैठकीच्या आरंभीं 'प्राग्मा फॉरिन_कीज = ऑन' ही आज्ञा द्यावी लागते, हें ध्यानांत ठेवावें.

६. वरील आज्ञेंत संग्रह व क्रमांक मिळून एकदांच येतील असें बंधन 'युनीक' ह्या शब्दानें घातलें आहे. त्याचें कारण असें. मुंबई सरकारनें १८६८ सालापासून जमविलेला हस्तलिखितांचा संग्रह डेक्कन कॉलेजांत होता; तो १९१८ सालीं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडे आला. त्या संग्रहांतील पोथ्यांचे क्रमांक ज्या त्या वर्षाच्या खरेदीप्रमाणें पडले आहेत. एका वर्षीं सत्तावीस क्रमांकाची पोथी आहे, तशी दुसऱ्या वर्षींहि आहे. तेव्हां वर्ष सोडून नुसता क्रमांक दिला तर कोणती पोथी म्हणावयाची हें कळत नाहीं. क्रमांकाचा रकाना अंकांचा न ठेवतां मजकुराचा ठेवावा व त्यांत वर्षासह पूर्ण क्रमांक जसाच्या तसा उतरावा. संग्रहाच्या धन्यानें घातलेला क्रमांक बदलून आपला नवा क्रमांक त्याजागीं कधींहि लिहूं नये. आपला अंक वेगळ्या रकान्यांत असतोच.

७. कर्त्याच्या नांवाविषयीं याहून अधिक जपावें लागतें. मराठी संतकवि पदाच्या अखेरीस आपली मुद्रा घालतात. 'नामा' ही मुद्रा आढळली म्हणजे नोंद करणारा बहुधा संत नामदेव असें लिहून मोकळा होतो. परंतु विष्णुदास नामा हा निराळा कवि पुढें होऊन गेला आहे, व दोघांच्या कविता बाडांतून एकमेकींत मिसळल्या आहेत. म्हणून 'मुद्रा' हा रकाना वेगळा व 'कर्ता' हा रकाना वेगळा असावा. पहिल्यांत पोथींत जें आहे तें. दुसऱ्यांत सूचिकारास जें वाटतें तें, व त्याशेजारीं तसें वाटण्याचा आधार. पोथी काय म्हणते व आम्ही काय म्हणतों ह्यांचे रकाने वेगळे, हा ह्या सर्व उद्योगाचा मूलमंत्र आहे. पुढील अभ्यासकास आमचें मत फिरवावेंसें वाटलें तर मताचा रकाना बदलेल. पोथीची साक्ष अबाधित राहील.

८. हाच नियम कालास लावावा. आमच्या पोथ्यांत शालिवाहन शक, विक्रम संवत्, हिजरी, फसली, सुहूर व राज्याभिषेक शक असे अनेक काल येतात. 'मूळ_काल' ह्या रकान्यांत पोथींतील शब्द जसेच्या तसे घ्यावे, व त्यावरून ठरविलेलीं इसवी वर्षें दोन वेगळ्या रकान्यांत, पासून व पर्यंत अशीं लिहावीं. दोन रकाने कां, तर शकांत अठ्याहत्तर मिळविले कीं इसवी सन आला ही समजूत वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत फसते. पानिपतची लढाई पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२ ह्या दिवशीं झाली. अठ्याहत्तर मिळविले तर १७६० येतात; परंतु तो दिवस १४ जानेवारी १७६१ होय. तेव्हां पोथींत महिना नसून केवळ 'शके १६८२' असेल तर पासून १७६० व पर्यंत १७६१ असेंच लिहिलें पाहिजे. सुहूर सनाचेंहि तसेंच. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे ११६१. हें वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होतें, म्हणून जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ व त्यापुढें ६०० मिळवावे लागतात. परकी कागदांतहि भेद आहे. गोव्याच्या पोर्तुगीजांनीं सुधारलेलें पंचांग सोळाव्या शतकाच्या अखेरीसच स्वीकारलें, इंग्रजांनीं तें १७५२ सालीं स्वीकारलें. यामुळें सतराव्या शतकांतील एकाच दिवशींच्या गोव्याच्या व सुरतेच्या पत्रांवर दहा दिवसांचें अंतर दिसतें. मूळ तारीख जपून ठेविली असेल तरच असें अंतर पुढें कोणास उलगडतां येईल.

९. संगणक येथें एक उपयुक्त पडताळा करून देतो. पुष्पिकेंत शकाबरोबर बहुधा संवत्सराचें नांव असतें. दक्षिणेंतील गणनेप्रमाणें शकांत बारा मिळवून साठांनीं भागिलें असतां जी बाकी उरते तोच प्रभवापासून संवत्सराचा अनुक्रम. बाकी शून्य उरल्यास क्षय संवत्सर. शके १५९६ मध्यें बारा मिळविले म्हणजे १६०८. साठांनीं भागून बाकी अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंद, व शिवछत्रपतींचा राज्याभिषेक आनंद संवत्सरांतच झाला. शके १६८२ ची बाकी चौदा, म्हणजे विक्रम. पानिपतच्या वर्षाचा तोच संवत्सर. साठ नांवांना त्यांचे अनुक्रम देऊन, क्षयास शून्य लिहून, ते 'संवत्सर_अंक' ह्या रकान्यांत भरले म्हणजे पुढील आज्ञेनें विसंगत नोंदी एकदम बाहेर पडतात:

सिलेक्ट प्रत_अंक, मूळ_काल फ्रॉम प्रती व्हेअर (शके + १२) % ६० <> संवत्सर_अंक;

ह्या नोंदी चुकीच्याच असतील असें नाहीं. कोठें लिपिकारानें गत वर्षाऐवजीं वर्तमान वर्ष धरलें असेल, कोठें आंकड्यांतील एक चिन्ह वाचतांना दुसरें वाटलें असेल, व कोठें पुष्पिकाच बनावट असेल. संगणक निर्णय देत नाहीं; कोणत्या पोथीकडे पुन्हां पाहिलें पाहिजे एवढें तो सांगतो. शेंकडों पुष्पिका एकेक करून हातानें ताडण्याचे श्रम मात्र वांचतात.

१०. नागरी आंकड्यांविषयीं एक सूचना अत्यंत आवश्यक आहे. ह्या साधनाच्या दृष्टीनें नागरी आंकडे ही अक्षरें आहेत, संख्या नव्हेत. सामान्य कोष्टकांत अंकांचा रकाना आंखला असूनहि कोणी नागरींत १६५० टंकले तर साधन तें निमूटपणें मजकूर म्हणून ठेवून घेतें. पुढें १७०० पूर्वींच्या पोथ्या मागितल्या असतां ती नोंद उत्तरांत येत नाहीं; कारण मजकूर हा कोणत्याहि संख्येहून मोठा, असा तेथील क्रम आहे. नोंद आहे, पण सांपडत नाहीं. आणि सांपडली नाहीं हें कोणास कळतहि नाहीं. वरील कोष्टकाच्या अखेरीस 'स्ट्रिक्ट' हा शब्द याचसाठीं घातला आहे. २०२१ सालच्या आवृत्तीपासून मिळालेल्या ह्या सोयीमुळें असा मजकूर अंकांच्या रकान्यांत शिरूं लागला कीं साधन तक्रार करून नोंद नाकारतें. जुन्या याद्या आंत घेतांना हा शब्द विसरूं नये.

११. अक्षरांच्या बाबतींतहि असेंच एक छुपें संकट आहे. 'कऱ्हाड' हा शब्द दोन तऱ्हांनीं टंकतां येतो. एका तऱ्हेंत ऱ हें स्वतंत्र अक्षर व त्यास हलन्त. दुसरींत साधा र, हलन्त व त्यापुढें एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांस दोन्ही सारखेच दिसतात, परंतु संगणक त्यांस निराळे शब्द समजतो. 'लेंग्थ' ह्या आज्ञेनें अक्षरचिन्हें मोजलीं तर पहिल्यांत सहा व दुसऱ्यांत सात भरतात. भेद ओळखण्याची ही सोपी खूण आहे. ग्रंथ व ग्रन्थ, पंडित व पण्डित ह्या लेखनभेदांचीहि यांत भर पडते. उपाय असा कीं, पोथींतील शीर्षक जसेंच्या तसें एका रकान्यांत राहूं द्यावें, व शोधासाठीं दुसऱ्या रकान्यांत 'रिप्लेस' ह्या आज्ञेनें एकरूप केलेलें शीर्षक ठेवावें. मूळ शब्द सुधारून त्याच जागीं लिहिणें म्हणजे पोथींतील पाठ खोडण्यासारखेंच आहे.

१२. इतकी तयारी झाल्यावर लेखाच्या आरंभीं मांडलेला प्रश्न विचारतां येतो. ज्या कृतीची सर्व संग्रह मिळून एकच प्रत नोंदली गेली आहे अशा कृती पुढील आज्ञेनें निघतात:

सिलेक्ट कृति.शीर्षक, कृति.कर्ता फ्रॉम कृति जॉइन अंतर्भाव ऑन कृति.कृति_अंक = अंतर्भाव.कृति_अंक ग्रुप बाय कृति.कृति_अंक हॅविंग काउंट(डिस्टिंक्ट अंतर्भाव.प्रत_अंक) = १;

अर्थ असा कीं, कृति व अंतर्भाव हीं कोष्टकें अंकानें जोडावीं, एकेका कृतीच्या ओळी एकत्र कराव्या, त्यांतील निरनिराळ्या प्रती मोजाव्या, व जेथें एकच भरेल ती कृति सांगावी. निघालेली यादी हा संशोधकांच्या कामाचा अग्रक्रम होय. कोणत्या पोथीचें छायाचित्र प्रथम घ्यावयाचें, कोणतीची नक्कल आधीं व्हावयाची, व मर्यादित द्रव्य कोठें खर्चावयाचें, हें ती यादी ठरवील.

१३. परंतु यादी खरी केव्हां? दोन चुका संभवतात व त्यांचे परिणाम सारखे नाहींत. एकच ग्रंथ दोन शीर्षकांखालीं दोन कृती म्हणून नोंदला गेला तर तो दोनदां एकमेव म्हणून दिसेल. त्यामुळें फार तर दोन पोथ्यांचीं छायाचित्रें घेतलीं जातील. उलट दोन निराळे ग्रंथ एकाच शीर्षकामुळें एका कृतींत मिसळले तर त्यांच्या दोन प्रती आहेत असा भास होऊन दोन्ही ग्रंथ यादींतून गळतील, आणि ज्याची खरोखर एकच प्रत आहे त्याची निगा कोणी घेणार नाहीं. रुक्मिणीस्वयंवर ह्या नांवाचें उदाहरण पुरे आहे. महानुभाव कवि नरेंद्र याचें रुक्मिणीस्वयंवर वेगळें व एकनाथांचें वेगळें. यादींत केवळ 'रुक्मिणीस्वयंवर, त्रुटित' इतकेंच लिहिलेलें असेल तर शीर्षकावरून जोडणी करणें म्हणजे अंधारांत हात घालणें होय. म्हणून जोडणी करण्यापूर्वीं आरंभींची व अखेरची ओवी ताडून पाहावी, व संशय असेल तोंपर्यंत कृती वेगळ्याच ठेवाव्या. वेगळ्या नोंदी पुढें एक करतां येतात. एक केलेल्या नोंदी वेगळ्या करावयाच्या तर पोथ्या पुन्हां उघडाव्या लागतात, आणि तोंवर पोथी राहिली असेलच असा भरंवसा नाहीं.

१४. रिकाम्या जागेविषयींहि थोडें सांगणें जरूर आहे. ज्या पोथींत काल दिलेला नाहीं तिच्या रकान्यांत अंदाजानें कांहीं लिहूं नये. रकाना रिकामा ठेवावा. मात्र रिकामा रकाना कोणत्याहि तुलनेंत भाग घेत नाहीं. 'इसवी_पर्यंत <= १७००' असें विचारलें तर अशी नोंद येत नाहीं, व 'इसवी_पर्यंत > १७००' असें विचारलें तरीहि येत नाहीं. दोन्ही उत्तरांची बेरीज एकंदर प्रतींहून कमी भरली कीं मधल्या पोथ्या कालरहित आहेत असें समजावें, व त्या 'इज नल' ह्या शब्दांनीं वेगळ्या मागून घ्याव्या. तसेंच काल नाहीं हें पाहून ठरविलें, कीं पुष्पिका पाहिलीच नाहीं, ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत. त्यांसाठीं 'पुष्पिका पाहिली काय' असा एक लहान रकाना अवश्य ठेवावा. न पाहिलेल्या पोथींवर न असलेपणाचा आरोप होऊं नये.

१५. शेवटीं जतनाविषयीं. सूचीची फाईल एकाच संगणकावर राहिली तर ती एका कपाटांतील चिठ्ठ्यांहून अधिक सुरक्षित नाहीं. 'डंप' ही आज्ञा सर्व कोष्टकें साध्या मजकुराच्या रूपानें बाहेर काढते. हा मजकूर साधनावांचूनहि वाचतां येतो, छापतां येतो, व त्यावरून सूचीची फाईल पुन्हां जशीच्या तशी उभारतां येते. दर महिन्याचा मजकूर तारखेसह वेगळा ठेविला तर मागील महिन्याशीं ताडून कोणतें मत केव्हां बदललें हेंहि कळतें. 'प्राग्मा इंटेग्रिटी_चेक' ही आज्ञा फाईल शाबूत आहे कीं नाहीं तें सांगते. अशा मजकुराच्या तीन प्रती तीन गांवीं असाव्या. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलें. ५ जानेवारी २००४ रोजीं भांडारकर मंदिरावर हल्ला होऊन तेथील ग्रंथांची व हस्तलिखितांची नासधूस झाली. पूर कोठें येईल व माणसाची बुद्धि केव्हां फिरेल हें आगाऊ सांगतां येत नाहीं. आपत्तीनंतर काय गेलें हें कळण्यास, व गेलेल्याची दुसरी प्रत कोठें आहे हें शोधण्यास, दूरच्या गांवीं सुरक्षित असलेली सूचि हाच एक आधार असतो.

१६. ह्या कामास मोठें भांडवल नको. पांच पोथ्यांचा धनीहि आपली यादी करूं शकतो, व पांच पोथ्यांच्या यादींतच एखाद्या एकमेव ग्रंथाची दुसरी प्रत निघण्याचा संभव असतो. पोथी हातची जाईल ह्या भीतीनें पुष्कळ घराणीं यादी दाखवीत नाहींत. त्यांस विनंती कीं, पोथी देऊं नये, घराण्याचें नांवहि देऊं नये. संग्रहाच्या रकान्यांत एखादें सांकेतिक अक्षर चालेल. परंतु शीर्षक, मुद्रा, पुष्पिका, आणि आरंभींची व अखेरची ओवी एवढें तरी लिहून जवळच्या संशोधनसंस्थेकडे पाठवावें. पाठविणारानें आपलें मत व पोथींतील शब्द वेगवेगळ्या रकान्यांत लिहिले म्हणजे ती यादी कोणत्याहि मोठ्या सूचींत बिनदिक्कत मिळवितां येईल. साधनें बदलत जातील. आज एसक्यूलाइट आहे, उद्यां दुसरें येईल. पोथीची साक्ष व आपला तर्क वेगळे ठेवून केलेली नोंद मात्र कोणत्याहि साधनांत तितकीच उपयोगी पडेल, व ज्या ग्रंथाची एकच प्रत उरली आहे त्याची वेळेवर दाद लागेल.